फुल सिस्टीम बसवताय? मग मॅपचे पैसे आधी बाजूला काढा

गायमुख_रायडर:
घोडबंदरला गायमुखच्या उतारावर थ्रॉटल सोडला की फटाके फोडत जाणाऱ्या गाड्या रोज ऐकू येतात. नुसता स्लिप-ऑन, म्हणजे मागचा मफलर तेवढा बदलला, तर सहसा निभावतं. पण कॅटकॉनसकट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अख्खा पाइप बदलला, म्हणजे फुल सिस्टीम बसवली, वर एअरबॉक्स उघडून मोकळा फिल्टर लावला, की इंजिनात जाणाऱ्या हवेचा हिशोबच बदलतो. कंपनीचा मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं याचं ईसीयूमधलं (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं) टेबल, मात्र जुन्याच हिशोबाने पेट्रोल सोडत राहतो. मिश्रण लीन होतं, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि फुल थ्रॉटलला त्याची झळ एक्झॉस्ट व्हॉल्व्हला लागते. पाइपला हजारो रुपये मोजायचे आणि ट्युनिंगचं "बघू पुढे" म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही. पैसे कमी पडत असतील तर पाइप थांबवा.

खारघर_३९०:
उगाच घाबरवू नका. एप्रिल २०२० पासून बीएस६ (प्रदूषणाचे कडक नियम) आलं, नव्या गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर आहे. मिश्रण लीन झालं की ईसीयूला कळतं आणि तो पेट्रोल वाढवतो. माझ्या गाडीला फुल सिस्टीम आहे, मॅप कंपनीचाच. पामबीचला रोज जातो, काही त्रास नाही.

गायमुख_रायडर:
पामबीचला तुम्ही एका स्पीडने, अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर जाता. तेवढ्यात सेन्सरचं चालतं. तो नॅरोबँड असतो, १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल, त्याच्या अलीकडे की पलीकडे, एवढंच तो सांगतो. फुल थ्रॉटलला इंजिनाला १३ च्या आसपास लागतं. तिथे ईसीयू सेन्सरकडे बघत नाही, टेबलातला आकडा घेतो. काही ईसीयू शिकलेली दुरुस्ती तिथेही लावतात, पण तिलाही मर्यादा असते. तुमची गाडी कुठे लीन आहे हे पामबीचला कळणारच नाही.

तुर्भे_एमआयडीसी_गॅरेज:
दोघांनाही सांगतो, मॅपच्या आधी गॅस्केट बघा. पाइप बदलताना इंजिनाच्या हेडजवळचं जुनं गॅस्केट (जोडातली सील) तसंच दाबून बसवतात. गाडी थंड असताना चालू करून जोडावर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले की लीक आहे. थ्रॉटल सोडल्यावर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाइपात पेटतं. तोच तो फटाका. त्यात लीक सेन्सरच्या आधी असेल तर सेन्सरला जास्तीची हवा दिसते, ईसीयू लीन समजून पेट्रोल वाढवतो, आणि गाडी उलट रिच होते, म्हणजे पेट्रोल जास्त. प्लग काळा, ॲव्हरेज गेलं. अशा गाडीवर मॅप चढवला तर चुकीवर चूक. आमच्याकडे "मॅप बिघडला" म्हणून आलेल्या गाड्यांत हे बऱ्याचदा सापडतं.

कळवा_बुलेट:
म्हणून मला कार्ब्युरेटरच बरा. अर्ध्या थ्रॉटलला अडखळते? निडलची (पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई) क्लिप एक घर खाली, म्हणजे निडल वर, पेट्रोल जास्त. वरच्या थ्रॉटलला दम नाही? मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य भोक) एक नंबर मोठा. मग प्लगचा रंग बघा, पांढराफटक असेल तर लीन, बदामी हवा. लॅपटॉप लागत नाही.

तुर्भे_एमआयडीसी_गॅरेज:
दादा, प्लगचा रंग हल्लीच्या पेट्रोलवर पटकन कळत नाही, नव्या प्लगवर तर नाहीच. क्लिपचं मात्र बरोबर.

येऊर_पायथ्याशी:
तुम्ही सगळे मिश्रणावर बोलताय, मला वेगळंच खटकतं. कॅटकॉन काढल्यावर कितीही सुंदर ट्युनिंग केलं तरी धूर विषारीच राहतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये आवाज आणि प्रदूषणासाठी १० हजारांपर्यंत दंड आहे, लायसन्सही निलंबित होतं. येऊरच्या रस्त्यावर रात्री जो आवाज होतो तो आम्ही रहिवासी आणि जंगल, दोघंही सोसतो. माझं म्हणणं, फुल सिस्टीम ट्रॅकवर. रस्त्यावर कंपनीचा पाइप.

गायमुख_रायडर:
आवाजाबाबत तुमच्याशी वाद नाही, डीबी किलर (मफलरमधला आवाज कमी करणारा तुकडा) काढून फिरणाऱ्यांची बाजू मी घेणार नाही. पण गाड्यांना फुल सिस्टीम लागतेच आहे. ज्यांनी लावली आहे त्यांचं इंजिन तरी जळू नये, एवढंच म्हणतोय.

येऊर_पायथ्याशी:
"लागतेच आहे" म्हणून मुभा द्यायची? नाही पटत.

खारघर_३९०:
ठीक, फुल थ्रॉटलचा मुद्दा घेतला. पण "स्टेज वन मॅप (आधीच बनवलेला तयार मॅप) टाकून देतो" म्हणणाऱ्याला मी पैसे देणार नाही. दुसऱ्याच्या गाडीवरचा मॅप माझ्या पाइपला, माझ्या फिल्टरला कसा बसेल? डायनोवर (गाडी जागीच पळवून ताकद मोजणारं मशीन) वाइडबँड, म्हणजे मिश्रणाचा नेमका आकडा देणारा सेन्सर, लावून प्रत्येक आरपीएमचा ग्राफ हातात देत असेल तर बोला.

गायमुख_रायडर:
तेच हवं. आणि ग्राफ लॅम्डामध्ये मागा, म्हणजे मिळालेली हवा भागिले त्या पेट्रोलला नेमकी लागणारी हवा. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याचं नेमकं प्रमाण १४.७ नव्हे, साधारण १३.५ येतं. मीटर जुन्या पेट्रोलच्या स्केलवर असेल तर आकड्यांचा घोळ होतो. लॅम्डा १ म्हणजे १, पेट्रोल कोणतंही असो. फुल थ्रॉटलला ०.८८ च्या आसपास दिसलं की समजा काम नीट झालं.