गिलावा सुरू व्हायला आठ दिवस उरलेत: होम थिएटरच्या वायरी आणि स्पीकरच्या जागा ठरवायला मदत हवी

प्रश्न

नमस्कार. घरातली एक खोली फक्त चित्रपट बघायला आणि गाणी ऐकायला राखून ठेवली आहे. आतून लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.६ आणि उंची ३. भिंती विटांच्या, वर स्लॅब. इलेक्ट्रिशियन पाइपांसाठी भिंतीत झिऱ्या मारायला बसलाय आणि आठ दिवसांत गिलावा सुरू होईल. त्यानंतर काही बदलायचं म्हणजे फोडाफोड, म्हणून आत्ताच विचारते.

माझा आराखडा असा. रुंदीच्या भिंतीवर ७५ इंची टीव्ही. सोफा समोरच्या, म्हणजे मागच्या भिंतीला टेकवून, म्हणजे मधली जागा मोकळी राहील. पुढे डावा, उजवा आणि सेंटर स्पीकर. दोन सराउंड, म्हणजे बाजूने-मागून आवाज देणारे स्पीकर, मागच्या कोपऱ्यांत २.१ मीटर उंचीवर. सबवूफरचा, म्हणजे जाड, खालच्या सुरांच्या स्पीकरचा, पॉइंट टीव्हीच्या उजव्या कोपऱ्यात. सगळे स्पीकर चालवणारं यंत्र, रिसीव्हर, मागच्या भिंतीतल्या कपाटात, म्हणजे पुढे यंत्रांचे दिवे डोळ्यांत येणार नाहीत. तिथून टीव्हीपर्यंत चित्र नेणारी एचडीएमआय केबल भिंतीत पुरायची. इलेक्ट्रिशियन म्हणतो की वेगळे पाइप कशाला, दिव्यांच्या पाइपातूनच स्पीकरच्या वायरी ओढू. कुणीतरी असंही सांगितलं की सगळ्या स्पीकरच्या वायरी मापाने एकसारख्या हव्यात, नाहीतर आवाज मागेपुढे येतो. हे खरं का?

ही खोली मुळात आईसाठी आहे. तिला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, डाव्या कानात श्रवणयंत्र आहे. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर संवाद तिला कळत नाहीत. दर दोन मिनिटांनी "काय म्हणाला गं तो?" असं विचारते. मी सांगेपर्यंत पुढचं वाक्य निघून जातं आणि ते दोघींचंही सुटतं. हळूहळू तिने विचारणंच सोडलंय. मला तिला संवाद नीट ऐकवायचे आहेत, बाकी धडामधूम कमी झाली तरी चालेल.

पहिला प्रतिसाद

ताई, झिऱ्या थांबवा आणि आधी सोफ्याची जागा ठरवा. वायरी, स्पीकर, दिवे हे सगळं बसणाऱ्याच्या कानापासून मोजत जायचं असतं. मी माझ्या खोलीत उलटं केलं होतं. भिंतीवर पॉइंट छान समांतर दिसतील असे काढले आणि खुर्च्या नंतर आणल्या. दोन पॉइंट अजून तसेच रिकामे आहेत.

मागच्या भिंतीला टेकून बसू नका. भिंतीलगत बास, म्हणजे खालचे जाड सूर, फुगतो, मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज थेट आवाजाला लगेच येऊन चिकटतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. आईंना नेमका तोच त्रास आहे. खोलीच्या बरोबर मध्यावरही नको, कारण लांबीच्या दिशेची पहिली अनुनाद लाट (पुढच्या-मागच्या भिंतींत घुमणारा सर्वांत खालचा सूर) तिथे जवळजवळ शून्य होते. तुमच्या ५.४ मीटरला ती साधारण ३२ हर्ट्झवर येते. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला लांबीच्या दुपटीने भागायचं. मागच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्के पुढे कान आले की सुरुवातीला बरं जमतं. म्हणजे तुमच्याकडे पुढच्या भिंतीपासून ३.३५ मीटर. हा काही कायदा नव्हे, दहावीस सेंटिमीटर इकडेतिकडे चालतं.

टीव्हीलाही हेच बरं पडतं. ७५ इंची पडदा सुमारे १.६६ मीटर रुंद असतो. मागच्या भिंतीपाशी बसलात तर तो जेमतेम १९ अंशांत मावतो. ३.३५ वरून २८-२९ अंश भरतो, चित्रपटासाठी सांगितल्या जाणाऱ्या ३० अंशांच्या जवळ.

आता स्पीकर. पुढचे डावे-उजवे कानापासून मधल्या रेषेच्या २२ ते ३० अंश बाजूला हवेत. तुमची रुंदी बघता मधल्या रेषेपासून १.४ मीटरवर ठेवा. कोन २५ अंशांच्या आसपास पडतो आणि बाजूच्या भिंतीपासून ४० सेंटिमीटर सुटतात. सराउंड कोपऱ्यांत मुळीच नको. ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर अशा मांडणीत) त्यांची जागा समोरच्या रेषेपासून ११० ते १२० अंशांवर, म्हणजे कानाच्या जरा मागे, बाजूच्या भिंतीवर. ११० अंशांचा हिशेब केला तर पुढच्या भिंतीपासून ४ मीटरवर पॉइंट येतो. उंची २.१ नको, १.२ ते १.३ पुरे. सोफ्यावर शेजारी बसलेल्याचं डोकं आड येऊ नये एवढंच वर घ्यायचं. नंतर कधी छतात स्पीकर लावलेत तर बाजूचे आणि वरचे आवाज वेगळे कळायला हवेत. बाजूचेच वर चढवले तर तो फरक उरत नाही.

छताचे आत्ता घेणार नसाल तरी चार रिकामे पाइप टाकून ठेवा. कान जमिनीपासून १ मीटरवर आणि छत ३ वर धरलं, तर पुढची जोडी कानाच्या २ मीटर पुढे, मागची दीड मीटर मागे. दोन्ही जोड्या पुढच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या रेषेत.

सेंटर स्पीकरवर मात्र कंजुषी करू नका. चित्रपटातले बहुतेक संवाद त्यातूनच येतात. टीव्हीखाली ठेवणार असाल तर पुढून उचलून त्याचं तोंड कानाकडे वळवा, आणि कपाटाच्या आत खोल सारू नका. फळीच्या काठाशी आणा, नाहीतर फळीवरूनच आवाज परततो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरची पातळी वेगळी लावता येते. सेंटर २-३ डेसिबलने वाढवलात की संगीताच्या वर शब्द उठून येतात. हे आईंसाठी पहिल्याच दिवशी करून बघा.

आणि रिसीव्हर मागे नेऊ नका. माझी मोठी चूक तीच. ९ मीटरची एचडीएमआय केबल मी गिलाव्यात पुरली. जुना प्लेअर होता तोवर उत्तम चाललं. मग ४के आलं आणि दर काही मिनिटांनी पडदा काळा होऊ लागला. एचडीएमआयच्या १.४ या आवृत्तीला सेकंदाला १०.२ गिगाबिट लागत, २.० ला १८ आणि २.१ ला ४८. तेवढा भार साध्या तांब्याच्या केबलला ५ मीटरच्या पुढे सहसा झेपत नाही. नवी ओढायची म्हटलं तर २० मिमीच्या पाइपात केबलचं डोकंच शिरेना. शेवटी रंगवलेली भिंत फोडली, आणि धुळीने दोन आठवडे सगळं घर भरलं.

म्हणून लांबचा प्रवास स्पीकरच्या वायरीला करू द्या, ती तक्रार करत नाही. रिसीव्हर टीव्हीखालीच ठेवा. दिवे डोळ्यांत येतात तर पुढे काळ्या जाळीचं दार लावा. मागे आणि वर हवेला वाट मात्र ठेवा, तो चांगलाच तापतो. रिसीव्हर ते टीव्ही ४० मिमीचा पाइप टाका, काटकोनी एल्बो लावू नका, ४५ अंशांचे दोन बेंड द्या, आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. कधी लांब ऑप्टिकल एचडीएमआय घेतलीत तर तिला दिशा असते. एक टोक यंत्राकडचं, दुसरं पडद्याकडचं, आणि तसं तिच्यावर छापलेलं असतं. उलटी ओढली तर चित्रच येत नाही.

दुसरा प्रतिसाद

वायरिंगचं काम करतो म्हणून तेवढ्यापुरतं लिहितो.

विजेच्या पाइपात स्पीकरच्या वायरी घालू देऊ नका. आवाज गुणगुणेल हा मुद्दा नंतरचा. मुख्य लाइनच्या वायरीचं आवरण कधी सोललं गेलं, तर रिसीव्हरच्या मागच्या उघड्या टर्मिनलवर घरची वीज येईल. पाइप वेगळा, बॉक्सही वेगळा. समांतर जाताना मध्ये ३० सेंटिमीटर अंतर, आणि ओलांडायचंच असेल तर काटकोनात.

लांबी एकसारखी हवी हे चूक आहे. वायरीतला सिग्नल इतक्या वेगाने जातो की दहा मीटरच्या फरकाने कानाला काहीच कळत नाही. उशीर हवेत होतो, दर मीटरला जवळजवळ ३ मिलिसेकंद, आणि तो रिसीव्हर अंतराच्या सेटिंगने सांभाळतो. जादा वायर गुंडाळून भिंतीत कोंबू नका.

जाडी महत्त्वाची. जाऊन-येऊन वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवायचा. समजा रिसीव्हरपासून मागच्या स्पीकरपर्यंत वळणं धरून १४ मीटर झाले, म्हणजे तांबं २८ मीटर. दीड चौरस मिमीच्या वायरीत ते ०.३२ ओहम होतात. स्पीकर ८ ओहमचा असेल तर चालेल, ६ चा असेल तर मर्यादा ०.३०, म्हणजे ओलांडली. अडीचची घेतली तर ०.१९. सगळीकडे अडीचच टाका, पुढे स्पीकर बदलले तरी चिंता नाही. चाकूने एक तार खरवडून बघा. आतून पांढरट दिसली तर वर तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम आहे, ती परत करा. त्याच जाडीत तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि टोकं लवकर तुटतात.

टीव्ही, रिसीव्हर आणि सबवूफरला वीज एकाच सर्किटवरून द्या. वेगवेगळ्या ठिकाणचं अर्थिंग आलं की सबमधून सतत हुंकार येतो. तो घालवायला काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. कुणीही सुचवलं तरी ते करायचं नाही.

प्रश्नकर्तीकडून

दोघांचे मनापासून आभार. काल झिऱ्या थांबवल्या. इलेक्ट्रिशियनला पाइप वेगळे का हवेत ते तुमच्याच शब्दांत वाचून दाखवलं. उघड्या टर्मिनलची गोष्ट ऐकल्यावर त्याने वाद घातला नाही.

रिसीव्हर पुढे आणला, सराउंडची जागा ४ मीटरवर खडूने आखली. आता दोन शंका. सबचा पॉइंट एकाच कोपऱ्यात ठेवू का? आणि आईच्या श्रवणयंत्रावर 'टी' असं एक बटण आहे. त्याचा या खोलीत काही उपयोग होईल का?

तिसरा प्रतिसाद

'टी'बद्दल मी सांगते, वडिलांसाठी आम्ही हे केलं आहे. ते टेलिकॉइल. यंत्रात तारेचं एक बारीक वेटोळं असतं. खोलीभोवती जमिनीलगत एक वायर फिरवून तिला लूप अ‍ॅम्प्लिफायर जोडला, की वायरीभोवतीचं चुंबकीय क्षेत्र ते वेटोळं थेट पकडतं. मधली हवा, पंख्याची घरघर, भिंतीवरचे पडसाद यातलं काहीच वाटेत येत नाही. ब्लूटूथमध्ये ओठ आणि शब्द यांत कधी फरक पडतो, इथे तो जाणवत नाही. शिवाय आई यंत्रातून ऐकत असताना तुम्ही स्पीकरवरून तुम्हाला हवा तेवढा आवाज ठेवू शकता.

तुमच्यासाठी सोपं आहे, गिलावा व्हायचाच आहे. चारही भिंतींच्या तळाशी एक स्वतंत्र पाइप फिरवा आणि दोन्ही टोकं रिसीव्हरजवळ आणा. वायर नंतर ओढता येते. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे क्षेत्र थोडं कमी होतं, म्हणून अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या मापाला पुरेल असा घ्या. सबवूफरची सिग्नलची वायर लूपला समांतर नेऊ नका. आईंच्या यंत्रात 'टी' चालू करून ठेवलंय ना, ते ऑडिओलॉजिस्टकडून आधी बघून घ्या. आमच्याकडे ते बंद होतं आणि आम्ही दोन दिवस वायरच तपासत बसलो.

वडील आता लूपवर बातम्या बघतात, आणि मधेच हसतात तेव्हा बरोबर जागी हसतात.

पहिल्या प्रतिसादकाकडून पुन्हा

लूपचं मला सुचलं नव्हतं, ते नक्की करा.

सबसाठी एक पॉइंट कधीच पुरत नाही, कारण बासची जागा कागदावर ठरत नाही. हार्मन या ध्वनियंत्रांच्या कंपनीतल्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी हे तपासलं होतं. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर एकेक असे दोन सब ठेवले, तर वेगवेगळ्या जागी बसणाऱ्यांना ऐकू येणाऱ्या बासमधला फरक बराच कमी होतो. म्हणून पुढच्या भिंतीच्या मध्यापाशी, मागच्या भिंतीच्या मध्यावर आणि तुमच्या त्या कोपऱ्यात, असे तीन ठिकाणी सिग्नलचा पाइप आणि विजेचा सॉकेट काढून ठेवा. सब आला की तो आधी सोफ्याच्या जागी ठेवा, बासचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे एकेक सूर सारखा ऐकू येईल तिथे सब न्या. क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झवर ठेवून सुरुवात करा.

आई सोफ्याच्या कोणत्या टोकाला बसणार? पडद्याकडे तोंड करून उजव्या टोकाला बसवा, म्हणजे ऐकू येणारा डावा कान मधल्या बाजूला येईल आणि तुम्ही तिच्या डावीकडे असाल.

गिलावा करण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना पट्टी चिकटवा, दोन्हीकडे एकेक मीटर जास्त सोडा. नंतर पट्ट्या गळल्या तर दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोणता स्पीकर टक् करतो ते कळतं, आणि वूफरचा पडदा बाहेर आला तर अधिक-उणे बरोबर आहे.

प्रश्नकर्तीकडून

लूपचा पाइप आज पडला. सबसाठी तीन जागा काढल्या.

दुपारी आईला खोलीत नेलं. प्लास्टिकची खुर्ची ३.३५ वर, मधल्या रेषेच्या जरा उजवीकडे ठेवून तिला बसवलं आणि पट्टीने मोजलं. तिचा कान ९८ सेंटिमीटरवर आहे, माझा १०८ वर. सेंटर स्पीकरचा रोख तिच्या ९८ वर ठेवणार आहे. बाहेर गवंडी वाळू चाळत होता. तिने विचारलं, "इथेच बसायचं ना मी?" मी हो म्हटलं. मग तिने माझ्या हातातला खडू घेतला आणि खुर्चीच्या चारही पायांभोवती जमिनीवर खूण करून ठेवली.