आठवीच्या मुलांसाठी मार्गदर्शक योजना: सुरुवात कुठून करावी?

दादरची_शिक्षिका

नमस्कार. दादरच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी माध्यमिक विभागाला शिकवते. महापालिकेच्या शाळांतून सातवीपर्यंत शिकलेली बरीच मुले आमच्याकडे आठवीत प्रवेश घेतात. नवी शाळा, प्रत्येक विषयाला वेगळे शिक्षक आणि घरी अभ्यासाविषयी बोलायला कुणी नाही, अशा स्थितीत त्यांतली काही मुले सहामाही परीक्षेपर्यंत अगदी गप्प होऊन जातात आणि नववीत त्यांची गैरहजेरी वाढत जाते. आमच्या माजी विद्यार्थी संघाने प्रत्येक मुलाला एक मार्गदर्शक देण्याची तयारी दाखवली आहे आणि मुख्याध्यापकांना ही योजना येत्या जूनपासून संपूर्ण आठवीला लागू करायची आहे. संघाच्या कळकळीबद्दल मला शंका नाही. परंतु मार्गदर्शकांची निवड कशी करावी, त्यांनी मुलांशी काय बोलावे आणि वर्षभर हे टिकावे कसे, याचा विचार झालेला दिसत नाही. ज्यांनी असे काम जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

निवृत्त_मुख्याध्यापिका

बाई, संपूर्ण आठवी पहिल्याच वर्षी घेऊ नका, हे मी आधी आग्रहाने सांगेन. पूर्ण शैक्षणिक वर्ष येण्याचा शब्द जितके जण देऊ शकतील, तितक्याच मुलांपासून सुरुवात करावी. अमेरिकेतील 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' ही या क्षेत्रातील फार जुनी संस्था आहे. तिथल्या मार्गदर्शक आणि मूल यांच्या जोड्यांचा ग्रॉसमन आणि ऱ्होड्स या संशोधकांनी केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. ज्या जोड्या वर्षभर किंवा त्याहून अधिक टिकल्या, त्यांतील मुलांना सर्वाधिक लाभ झाला आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतील मुलांचे स्वतःविषयीचे मत उलट खालावले. म्हणजे गणेशोत्सवानंतर येईनासा झालेला मार्गदर्शक मुलाला पहिल्यापेक्षाही एकटे करून जातो. त्यामुळे निवडीच्या वेळी पदवी, हुद्दा किंवा वक्तृत्व पाहण्यापेक्षा तो माणूस राहतो कुठे, कामाला कुठे जातो आणि शनिवारी शाळा सुटल्यावर त्याला दादरला पोहोचणे खरोखर शक्य आहे का, हे विचारावे. विरारहून धावपळ करत येणाऱ्याचा उत्साह पावसाळ्यात टिकणे कठीण असते.

मुलांच्या निवडीबाबतही एक सूचना आहे. घटक चाचणीत मागे पडलेलीच मुले घेतलीत, तर 'ढ मुलांचा वर्ग' हे नाव आठवड्याभरात पडेल आणि मुले यायला लाजतील. वर्गशिक्षकांनी सुचवलेली आणि स्वतःहून नाव देणारी, अशी दोन्ही प्रकारची मुले घ्यावीत.

शिवाय एका शिक्षकाला समन्वयक नेमून त्याच्या दोन तासिका वेळापत्रकातूनच कमी करा. समन्वयकाने दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मार्गदर्शकाशी बोलायला हवे आणि हे काम मधल्या सुट्टीत उरकण्यासारखे नाही.

बालहक्क_कार्यकर्ती

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र सुरक्षिततेचा मुद्दा त्याच्याही आधी येतो. दिल्ली सरकारने 2021 साली 'देश के मेंटॉर' ही शाळकरी मुलांना मार्गदर्शक देणारी योजना सुरू केली, तेव्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने मुलांच्या सुरक्षिततेवरून आक्षेप घेतले आणि ती काही काळ थांबवावी लागली. मार्गदर्शक आपल्याच शाळेचा माजी विद्यार्थी आहे, एवढ्यावर विसंबून चालणार नाही. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, दोन ओळखीच्या व्यक्तींचे संदर्भ आणि पालकांचे लेखी संमतीपत्र या गोष्टी पहिल्या भेटीआधी हातात असाव्यात. भेटी शाळेतच, उघड्या दाराच्या खोलीत किंवा व्हरांड्यात व्हाव्यात, म्हणजे बोलणे खासगी राहील आणि दोघे सर्वांना दिसतही राहतील. फोन क्रमांक, भेटवस्तू आणि पैसे यांची देवाणघेवाण पूर्णपणे बंद ठेवावी.

'तू सांगितलेले मी कुणालाच सांगणार नाही' असे वचन मुलाला कधीही देऊ नये, ही गोष्ट प्रशिक्षणात सर्वांत ठळकपणे सांगा. लैंगिक अत्याचाराची शंका आली, तरी 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. 1098 हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मुलांच्या वह्यांच्या पहिल्या पानावरच लिहून घ्यावा.

परळचा_मार्गदर्शक

मॅडम, मी स्वतः एका शाळेत मार्गदर्शक म्हणून जातो, म्हणून काय बोलावे या प्रश्नापुरतेच लिहितो. सुरुवातीचे काही शनिवार उपदेश आणि अभ्यासाची चौकशी दोन्ही टाळावे आणि मुलाचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत कसा जातो, एवढेच समजून घ्यावे. माझ्याकडच्या मुलीचा गृहपाठ कायम अपुरा असे आणि शाळेत तिला आळशी समजले जात होते. बोलता बोलता कळले की चाळीत पाणी पहाटे येते, ते भरण्याची जबाबदारी तिच्यावर आहे आणि संध्याकाळी धाकट्या भावाला सांभाळावे लागते. वर्गशिक्षिकेशी बोलून शाळा सुटल्यावर अर्धा तास वाचनालयात बसायची सोय झाली, तेव्हा वह्या पूर्ण होऊ लागल्या. यात मी तिला एकही धडा शिकवला नव्हता. मार्गदर्शकाला शिकवणीचा मास्तर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दादरची_शिक्षिका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मोजक्याच मुलांपासून सुरुवात करण्याचा प्रस्ताव मुख्याध्यापकांपुढे आणि नंतर शिक्षक-पालक संघाच्या सभेत मांडते. एखाद्या मार्गदर्शकाची बदली झाली किंवा घरच्या अडचणीमुळे त्याला मध्येच थांबावे लागले, तर काय करावे?

निवृत्त_मुख्याध्यापिका

बाई, निरोपाची भेट सुरुवातीच्या करारातच लिहून घ्या. थांबणाऱ्याने स्वतः येऊन मुलाला कारण सांगावे आणि समन्वयकाने त्या वेळी हजर राहावे. नवीन मार्गदर्शक मिळेपर्यंत शनिवारची तीच वेळ समन्वयकाने त्या मुलाला द्यावी. यासाठी प्रशिक्षण घेतलेले दोन-तीन जण राखीव ठेवा. मे महिन्यात माणसे शोधताना याचीही मोजदाद करा.