दरबारीच्या गंधाराला ऑटोट्यून लावावे का?

गायिका (धागा): दरबारी रागाच्या अंगाने बांधलेले एक भावगीत मी नुकतेच ध्वनिमुद्रित केले. ज्या कोमल गंधारासाठी मी आठवडाभर तंबोऱ्यापुढे बसले होते, तो तयार गाण्यात काठीसारखा सरळ उभा होता. मला न विचारता कोणीतरी सूर ‘साफ’ केला होता. अँडी हिल्डेब्रँड यांचे ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर १९९७ साली आले. सप्तकाचे १०० सेंटांचे (सेंट हे स्वरांतर मोजायचे एकक) बारा समान भाग धरून जवळच्या भागावर आवाज नेऊन बसवणे, हे त्याचे नेहमीचे काम. दरबारीचा गंधार मात्र त्याहून उतरलेला असतो आणि ऋषभाकडे झुकत आंदोलत राहतो. म्हणून रागाच्या अंगाने गायलेल्या गाण्याला हे सॉफ्टवेअर लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

ध्वनिमुद्रक: तुमच्या गंधारावर अन्यायच झाला, पण निष्कर्ष मला मान्य नाही. मेलोडाइन या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्वराचे केंद्र आणि त्यावरचे हेलकावे वेगवेगळे हाताळता येतात, त्यामुळे आंदोलनाला धक्का न लावता केंद्र तेवढे उचलता येते. एका गायकाचा तार षड्ज अंतऱ्याच्या शेवटी दम संपल्याने जरासा उतरला होता. बाकी टेक, म्हणजे त्या वेळचे सलग मुद्रण, इतका भरून आला होता की तो पुन्हा तसा आला नसता. मी तो एकच स्वर वर घेतला. त्यासाठी सगळा टेक टाकून द्यायचा होता का?

गायिका: तो टेक मीही टाकला नसता. पण पडद्यावर सुराची वाकडी रेघ दिसली की कानाला न खुपलेला सूरही खुपू लागतो, आणि लयीचे तर त्याहून वाईट होते. मुखड्याचा शब्द मी मुद्दाम मात्रेच्या किंचित मागे ठेवला होता. तो ओढून ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या समान आखणीवर, बसवल्यावर ओळीतली आर्जवच गेली.

संगीत संयोजक: एकल गायनात हे पटते, समूहगानात नाही. शब्दातला ‘स’ हा उच्चार आठ जणांकडून आठ वेळा ऐकू आला तर शब्दच कळत नाही. तिथे व्यंजने जुळवावीच लागतात.

ध्वनिमुद्रक: मूळ टेक मी नेहमी जपून ठेवतो. मात्र स्टुडिओ तासावर घेतलेला असतो, आणि बहुतेक गायक दुरुस्ती ऐकायला थांबतच नाहीत.

गायिका: मी थांबेन. तो गंधार माझ्यासमोर पूर्ववत करून द्या, एवढेच मी त्या स्टुडिओला आज कळवले आहे.