टॉवरवर हॅम क्लबला जागा द्यावी का?

वाळपईकर:
गोव्यात सत्तरीला माझा वायरलेस इंटरनेटचा छोटा धंदा आहे. डोंगरावरच्या टॉवरवर ५.८ गिगाहर्ट्‌झच्या डिश आहेत. हॅम क्लबची, म्हणजे हौशी रेडिओवाली मुलं १४५ मेगाहर्ट्‌झच्या रिपीटरसाठी (दुबळा सिग्नल पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र) जागा मागतात. द्यायची मनापासून इच्छा आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळात वीज आणि मोबाइल दोन्ही गेले, आई फोंड्याला एकटी, दोन दिवस खबर नाही. ते दोन दिवस मी विसरलेलो नाही; मोबाइलशिवाय चालणारा असा रेडिओ तेव्हा हवा होता. पण माझ्या लिंकला त्रास होईल का?

फोंड्याचा हॅम:
द्या, दादा. फ्रिक्वेन्सी इतक्या दूर आहेत की रिपीटर तुमच्या डिशला सहसा छळणार नाही. त्रास उलट बाजूने येतो. साधी नेटवर्क केबल आणि पीओई अडॅप्टर (त्याच केबलमधून डिशला वीज देणारा) व्हीएचएफवर, म्हणजे आमच्या रिपीटरच्या पट्ट्यावर, खरखर सोडतात. आमचा रिसीव्हर त्यानेच बहिरा झाला होता. शिल्डेड केबल टाकली, टोकांना फेराइट (खरखर अडवणारे चुंबकीय मणी) घातले, अँटेना डिशच्या तीन मीटर वर नेला, तेव्हा दूरचे आवाज पुन्हा ऐकू आले. अर्थिंग मात्र सगळ्यांचं एकत्र जोडा. मे महिन्यातल्या विजा फार वाईट.

डिचोलीकर:
रिपीटरवर नजर ठेवण्यापुरती बँडविड्थ द्या. पण हॅम बँडवरून गिऱ्हाइकांचा डेटा कधीच नेऊ नका, तो बँड धंद्यासाठी नाही. आणि रिपीटरच्या परवान्याचे कागद आधी बघा.

वाळपईकर:
उपकार झाले. रविवारी मुलांना घेऊन वर चढतो. बॅटरी माझीच देईन.