दूध संघाची स्ट्रॅटेजी आर्किमेटमध्ये कशी मांडू? तीन दिवस अडकलेय

पिवळी_चिठ्ठी:
नमस्कार मंडळी, एका सहकारी दूध संघाचं काम आलंय, त्यांच्या एमडींनी ४० स्लाइडचा पीपीटी हातात दिला आणि म्हणाले आमची स्ट्रॅटेजी तुमच्या त्या एंटरप्राइज आर्किटेक्चरमध्ये (म्हणजे संस्थेचं काम आणि आयटी यांचा एकत्र नकाशा) बसवून दाखवा. आर्किमेट या त्या नकाशांच्या चित्रभाषेसाठी आर्ची टूल घेऊन बसलेय (फुकट आहे म्हणून, खोटं कशाला बोलू). पण "पिशवीच्या दुधावर अवलंबून न राहता पनीर, दही, श्रीखंड वाढवायचं" या एका वाक्यावर गाडी अडलीय. हे गोल, कोर्स ऑफ अ‍ॅक्शन की कपॅबिलिटी (ध्येय, मार्ग की क्षमता)? टीममध्ये तिघांची तीन मतं. पुस्तकी उत्तर नको प्लीज.

रेघोट्या:
कोर्स ऑफ अ‍ॅक्शन. वाक्याला "कशासाठी" विचारायचं. पनीर कशासाठी, तर पिशवीत फारसं काही सुटत नाही म्हणून. हे झालं असेसमेंट. मार्जिन वाढवणं हे गोल, पनीर हा तिथं जायचा रस्ता, आणि त्या रस्त्यानं चालायला संघाच्या अंगात जे लागतं, म्हणजे संकलनावर दुधाची तपासणी, कोल्ड चेन, मागणीचा अंदाज, त्या कपॅबिलिटी. डिपार्टमेंटची नावं कपॅबिलिटी म्हणून टाकू नका, सगळे तिथंच घसरतात. २०१२ च्या आर्किमेट २.० मध्ये मोटिव्हेशन (गोल, असेसमेंट वगैरे "कशासाठी"चा भाग) आलं खरं पण गोलखाली रिक्वायरमेंट लिहायची आणि थेट प्रोसेसवर उडी मारायची, मधलं काही नाहीच. कपॅबिलिटी, रिसोर्स, कोर्स ऑफ अ‍ॅक्शन २०१६ ला ३.० मध्ये आले, व्हॅल्यू स्ट्रीम (ग्राहकाला मूल्य पोचवणाऱ्या टप्प्यांची साखळी) तर त्यानंतर, २०१९ ला.

टँकरमागचा_बाप्पा:
वरचं बरोबर आहे पण ते चित्र एमडींना दाखवू नका बरं का. मी एकदा दोनेकशे चौकोन एका पानावर छापून नेले होते, चेअरमन बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, यात आपला टँकर कुठाय? तेव्हापासून मी फक्त कपॅबिलिटी मॅप नेतो, वीस-पंचवीस चौकोन, बस्स. त्यावर एक रंग स्ट्रॅटेजी कशावर टेकलीय त्याचा, दुसरा यंदाचा आयटीचा पैसा कुठं चाललाय त्याचा. आमच्या केसमध्ये पैसा सगळा सेल्सच्या अ‍ॅपवर आणि स्ट्रॅटेजी उभी संकलन केंद्रावरच्या फॅट-एसएनएफवर (दुधातली स्निग्धता आणि इतर घन घटक यांच्या तपासणीवर)! मीटिंगमध्ये मला काही बोलावंच लागलं नाही.

पिवळी_चिठ्ठी:
भारी, धन्यवाद दोघांना. तसं करून बघितलं, ४० स्लाइडमध्ये खरे रस्ते फक्त चारच निघाले, बाकी सगळी घोषणाबाजी 😅 अजून एक, "उत्पादकांना दर १० दिवसांनी बिल" हे कुठं टाकू? मी प्रोसेसमध्ये टाकलंय.

रेघोट्या:
प्रोसेस आहेच, पण वर मोटिव्हेशनमध्ये कन्स्ट्रेंट (हात बांधणारी अट) म्हणूनही टाका आणि पनीरच्या रस्त्याला जोडा. पिशवीचा पैसा पटकन फिरतो, पनीर-श्रीखंड डिस्ट्रिब्युटरकडे उधारीवर जातं, आणि दहाव्या दिवशी शेतकरी बिल मागणारच, चुकलं तर दूध खाजगी डेअरीला घालेल. म्हणजे खेळतं भांडवल सांभाळणं ही कपॅबिलिटी मॅपवर हवी. आहे का तुमच्या पीपीटीत?

पिवळी_चिठ्ठी:
चाळीसही स्लाइड परत चाळल्या. नाहीये. आता हे एमडींना विचारायला मलाच पाठवणार सगळे.