‘लाल रस्सा’ छापू का नको?

छापखानेवाला, राजारामपुरी

गेल्या आठवड्यात एक गिऱ्हाईक आलं. बाहेरगावचा माणूस, इथं कोल्हापुरात नवी खानावळ काढतोय. मेनूकार्डाचा मजकूर मोबाईलवर दाखवला : मटण थाळी, लाल रस्सा, सफेद रस्सा, सुकं, भाकरी. मी म्हटलं, साहेब, इथं ‘तांबडा रस्सा’, ‘पांढरा रस्सा’ म्हणतात, असं छापलं तर पहिल्याच दिवशी लोक पाटावरून उठतील. तो म्हणाला, ‘‘लाल काय नि तांबडा काय, एकच की.’’ तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय.

माझं मत : एकच नाहीत. तीस वर्षं छपाईत गेली. मजेंटा १०० टक्के आणि यलो १०० टक्के दिला की येतो तो लाल. त्यात १५-२० टक्के काळा सोडला की रंग जरा खाली बसतो, तो तांबडा. नावातच तांबं आहे. तेही चिंचेनं घासलेल्या घागरीचं नव्हे, रोज पेटणाऱ्या बंबाचं. तुमचं काय म्हणणं?

निवृत्त मास्तर (विज्ञान-गणित)

छापखानेवाले, ‘तानापिहिनिपाजा’ विसरलात वाटतं. तांबडा, नारंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्याची बाहेरची कड तांबडी असते. साधारण ६२० ते ७५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. त्यात काळा कुणी कालवला? लोलकातून निघालेल्या निर्भेळ रंगाला आपण शाळेत तांबडा म्हणत आलो, लाल नाही.

मराठीत या रंगाचं घरचं नाव तांबडा, संस्कृत ‘ताम्र’वरून आलेलं. लाल फारसीतून आला. एका रंगाची दोन नावं, पाणी आणि जल असतात तशी. छटेचा फरक आपण मागाहून कल्पनेनं चिकटवतो. आणि भोपळ्याचं काय? तांबडा भोपळा कापून बघा, आत केशरी. तिथं तुमचा २० टक्के काळा कुठं गेला?

ऊसकरी, शिरोळ

मास्तर, पुस्तकात असंल तसं. रानात या जरा.

सोयाबीनवर, उसावर तांबेरा पडतो. पानावर गंजल्यागत बारीक पुळ्या येतात, बोट फिरवलं की भुकटी लागते. धाकटी बहीण मराठवाड्यात दिलीया, तिकडं कापूस. कपाशीची पानं लाल पडली की त्याला म्हणत्यात लाल्या. ते रोगाचं न्हवं, अन्नद्रव्य कमी पडल्याचं लक्षण. ह्यो गंजाचा रंग, त्यो रक्ताचा. एकच रंग असता तर शेतकऱ्यानं दोन नावं कशाला ठेवली असती? शेतकऱ्याला शब्द फुकट घालवायची सवय न्हाई.

निवृत्त मास्तर

तांबेरा ‘तांबडा’वरून नाही, थेट तांब्यावरून आला असावा. भुकटी तांब्याच्या गंजासारखी दिसते म्हणून.

ऊसकरी, शिरोळ

तांब्याचा गंज हिरवा असतोय मास्तर. लोखंडाचा तांबडा.

निवृत्त मास्तर

मान्य. घाईत लिहिलं.

बावड्याची सून

मी बाई असून कोल्हापुरी रीतीनं ‘मी सांगतो, मी करतो’ म्हणणारी, त्यामुळं अस्सल कोण हे इचारू नका.

रंग बघायचा तर पातेल्यात बघा. ब्याडगी रंगाला, दुसरी मिरची तिखटाला. मसाला भाजून, वाटून, तेल सुटेपर्यंत परतला की वर जो तवंग येतो तो लाल. खाली रस्सा बसतो तो तांबडा, कारण त्यात भाजलेलं खोबरं, कांदा, तीळ सगळं मिसळलेलं असतं. भाचीच्या लग्नात आचाऱ्यानं रंगाची पूड घातलेली. सासूबाईंनी झाकण उघडलं, एवढंच म्हणाल्या, ‘‘ह्यो लाल हाय. तांबडा न्हवं.’’ आणि पांढऱ्यावरच जेवल्या. शाळा चौथी, तानापिहिनिपाजा त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

छापखानेवाला, राजारामपुरी

ताई, तुमच्या सासूबाईंना छापखान्यात प्रूफ तपासायला पाठवा.

बिंदू चौकातला

तुम्ही सगळे रंगात अडकलाय. प्रश्न रंगाचा नाहीच, मालकीचा आहे. यादी करा.

लाल दिवा, लाल फीत, लाल सिग्नल, लाल शेरा, एसटीची लाल परी, लाल बावटा. आता दुसरी : तांबडी माती, तांबडी गाय, तांबडा भोपळा, तांबडा रस्सा, तांबडं फुटणं. सरकार, कचेरी, पक्ष, पोलीस यांच्याबरोबर जे आलं ते लाल. घरात, रानात, आभाळात आधीपासून होतं ते तांबडं. शेतकरी कामगार पक्षाचा बावटा या जिल्ह्यात गावोगाव मिरवला, उचलणारे हात तांबड्या मातीतलेच होते, तरी ‘तांबडा बावटा’ मी तरी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. कापड तेच, रंग तोच. साहेबाच्या डोक्यावरचा दिवा २०१७ साली गेला, तोही लालच गेला.

रंकाळ्याची फेरी

भावा, मांडणी झकास आहे, पण गळते. राग आला की डोळे लाल होतात, तोंड लालबुंद होतं. डोळे काय कचेरीतून आले? आणि भूगोलात आपण शिकलो तो तांबडा समुद्र. अरबस्तान आणि आफ्रिकेच्या मधला. तो कधी आपल्या रानात होता?

बिंदू चौकातला

समुद्राला उत्तर नाही माझ्याकडं. डोळ्यांचं बघतो.

पैलवान (माजी)

पेपरात ‘लाल मातीतली कुस्ती’ छापून येतं. तालमीत तांबडीच म्हणतात. ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर घालून मळलेली माती, ती ओली असताना एक रंग, वाळल्यावर दुसरा. खासबागेच्या कुस्ती मैदानात पाठ लागली तेव्हा मला दोन्ही सारखेच दिसले.

छापखानेवाला, राजारामपुरी

मास्तरांना एक विचारतो. आमची आजी उन्हातून आलेल्या पोराला म्हणायची, ‘‘तोंड बघ कसं तांबडंलाल झालंय.’’ एकाच अर्थाचे शब्द असते तर दोन्ही एकदम कशाला वापरले असते?

निवृत्त मास्तर

हा प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर तुमच्या विरुद्ध जातं. ‘कागदपत्र’ घ्या. कागद बाहेरून आलेला, पत्र संस्कृतातलं. ‘धनदौलत’ : धन आपलं, दौलत अरबी. ‘बाजारहाट’ : बाजार फारसी, हाट देशी. घरचा शब्द आणि पाहुणा शब्द शेजारी बसवून जोर आणायची मराठीला जुनी खोड आहे. आजीचं ‘तांबडंलाल’ त्याच पंगतीतलं. दोन वेगळे रंग तिला सांगायचे नव्हते, एकच रंग दोनदा सांगायचा होता.

पण फरक मुळीच नाही असं मी आता म्हणणार नाही. काल रात्री यावर बसलो होतो (सौभाग्यवतींनी दिवा बंद करायला लावला). फरक व्याकरणात आहे. तांबडा, तांबडी, तांबडं, तांबडे : हा शब्द नामाप्रमाणे वळतो. लाल ताठ उभा राहतो. लाल घोडा, लाल गाय, लाल वासरू. पांढरा आणि सफेदचं अगदी तेच. आणि वळतो म्हणूनच ‘तांबडं’ एकटं उभं राहू शकतं : ‘‘तांबडं फुटलं, उठा.’’ ‘‘लाल फुटलं’’ म्हणून बघा. कुणी तरी शाईची बाटली पाडली असं वाटेल. पहाटेला लाल शब्द चालला नाही तो रंग चुकीचा म्हणून नव्हे, त्याला नपुंसकलिंगाचं रूपच नाही म्हणून. बिंदू चौकातल्या मित्राची यादी बरीचशी याच कारणानं जुळते : जुने वाक्प्रचार वळणाऱ्या शब्दावर घडले, नवी नावं आली तोवर लाल रुळला होता.

बिंदू चौकातला

म्हणजे माझंच म्हणणं, फक्त व्याकरणाचा कोट घालून.

निवृत्त मास्तर

कोट महत्त्वाचा असतो.

बावड्याची सून

व्याकरण राहू द्या. तुमच्या घरी रस्सा झाला की सांगा, रंग मी येऊन बघतो.

ऊसकरी, शिरोळ

मास्तर, आमच्याकडं सांज झाल्यावर बी आभाळ तांबडं होतं, पण त्याला ‘तांबडं फुटलं’ म्हणत न्हाईत. तवा म्हणायचं ‘तांबूस झालं’. लालसर कुणी म्हणत न्हाई. लालसर म्हणत्यात ते डाळिंबाच्या दाण्याला, सुजलेल्या फोडाला. ‘तांबूस’ आणि ‘लालसर’ तरी एक हाय का सांगा. न्हवं. मग तांबडा नि लाल कसं एक?

निवृत्त मास्तर

इथं मी अडलो. तांबूसमध्ये पिवळ्याकडं झुकलेली छटा ऐकू येते, लालसरमध्ये गुलाबीकडं. माझ्या कानालाही. विचार करून लिहितो.

रंकाळ्याची फेरी

जोतिबाचा गुलाल कुठल्या खात्यात टाकायचा तेही मग सांगा. गुलाबी म्हटलं तर यात्रेकरू मारतील.

छापखानेवाला, राजारामपुरी

धागा लांबला, म्हणून गिऱ्हाइकाचं काय झालं ते सांगून टाकतो. आज परत आला होता. तुमचं सगळं वाचून दाखवलं नाही, फक्त म्हटलं, पदार्थाचं नाव हे माणसाच्या नावासारखं, त्याचं भाषांतर करायचं नसतं. पटलं त्याला. ‘तांबडा रस्सा’, ‘पांढरा रस्सा’ असंच ठरलं.

एक अट घातली : ‘तांबडा’ हा शब्द त्याच रंगात हवा. मी माझ्या हिशेबानं २० टक्के काळा सोडून प्रूफ काढलं आणि समोर ठेवलं. उजेडाकडं धरून त्यानं बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, ‘‘छान आहे. पण हा फार तांबडा झालाय. जरा लाल करता का?’’