माळकरी आईसाठी कांदा-लसूण नसलेलं चायनीज जमेल का?

मेहरुणकाठ (जळगाव):
नमस्कार मंडळी, आईने माळ घातल्यापासून कांदा-लसूणही सोडलाय. तिला नूडल्स फार आवडायच्या, आता नातू खायला बसला की ती नुसती बाजूला बसून बघते आणि म्हणते खा रे बाबा तुम्ही, माझं काय. पुढच्या महिन्यात तिला ६५ पूर्ण होतायत तर त्या दिवशी तिच्यासाठी करायचं मनात आहे. परवा लसणाऐवजी हिंग टाकून फ्राइड राइस करून पाहिला, चव फोडणीच्या भाताचीच आली. मेव्हणे म्हणतात लसणाशिवाय चायनीज होतच नाही. खरंय का हे?

तापीकाठची (भुसावळ):
ताई अजिबात खरं नाही. चीनमधल्या बौद्ध मठांत शेकडो वर्षं कांदा-लसणाशिवायच स्वयंपाक होतोय. मांस तर नाहीच, पण लसूण, कांदा, पात असे पाच उग्र वासाचे पदार्थ वर्ज्य, आणि गंमत म्हणजे त्या पाचांत हिंगसुद्धा धरतात. आपण लसूण नको म्हणून हिंग घालतो ना, ते तिथे चालत नाही! आलं मात्र चालतं.
लुओहान जाय म्हणून त्यांची एक मिक्स भाजी आहे, लुओहान म्हणजे बुद्धाचे अर्हत, मुक्ती मिळवलेले शिष्य. ती नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी खूप घरांत करतात कारण त्या दिवशी अनेक जण मांस खात नाहीत. साग्रसंगीत केली तर १८ जिन्नस पडतात. तुम्ही गाजर, कोबी, फरसबी, कमळकाकडी, टोफू एवढं घेतलं तरी छान होईल. सुके शिताके मशरूम मिळाले तर कोमट पाण्यात भिजवा आणि ते पाणी फेकू नका, सगळी चव त्यातच उतरते, लसणाची उणीव तेच भरून काढतं. पण आईंना मशरूम चालतं का ते आधी विचारा, बरेच माळकरी खात नाहीत.
आणि वाढदिवसच आहे तर नूडल्स कराच. तिकडे वाढदिवसाला लांबच लांब नूडल्स खातात, दीर्घायुष्य म्हणून. शिजवताना तोडायच्या नाहीत.

नंदुरबारची_मिरची:
तयार शेजवान चटणी आणू नका, ती बहुतेक लसणाचीच असते. शेजवान म्हणजे चीनचा सिचुआन प्रांत, तिथल्या खऱ्या जेवणात तिखटाबरोबर जीभ बधिर करणारी एक मिरी असते आणि ती आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी चुलत बहीण. आपल्या खान्देशात तिरफळ सहसा दिसत नाही, नाशिक-मुंबईकडे कोणी जात असेल तर कोकणी मालाच्या दुकानातून आणायला सांगा. आतली काळी बी काढून टाकायची, दाताखाली वाळूसारखी कचकचते, फक्त वरचं टरफल मंद आचेवर भाजून कुटायचं.
मग आपली नंदुरबारची लाल मिरची जाडसर कुटून वाडग्यात घ्या, त्यात तीळ आणि चिमूटभर तिरफळ. शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवून मिनिटभर थांबा आणि हळूहळू ओता, एकदम ओतलं तर मिरची जळून कडू होते. मिरची त्यांचीही मूळची नाही हो, आपल्यासारखीच अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली.

पांझरेकाठी (धुळे):
काय भो, टोफू विकत कशाला आणता, सोयाबीन आहे ना घरात? पाव किलो रात्री भिजवा, सकाळी बारीक वाटा, दोन लिटर पाणी घालून कापडातून गाळा आणि ते दूध चांगलं दहा मिनिटं उकळू द्या, ज्याम वर येतं ते, मोठं पातेलं घ्या. आच बंद करून लिंबू पिळा, पनीरसारखं फाटेल, कापडात बांधून वजन ठेवा. तिकडे काही ठिकाणी जिप्समने फाडतात म्हणून त्यांचा जास्त मऊ होतो.
सोया सॉसची बाटली वाचून घ्या, सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असलेला बरा. हलका सॉस मिठासाठी, गडद रंगासाठी थेंबभरच. आणि भाज्या थोड्या थोड्या परता, कढई भरून टाकल्या की पाणी सुटतं आणि त्या शिजतात, परतल्या जात नाहीत. तुमच्या फ्राइड राइसचं बहुतेक हेच झालं असणार.

मेहरुणकाठ (जळगाव):
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला मशरूमचं विचारलं, नको म्हणाली. कमळकाकडी चालेल म्हणाली, लहानपणी तिच्या मामाच्या गावच्या तळ्यात मिळायची म्हणे. मठातलं आणि हिंगाचं सांगितलं तर दोनदा विचारलं, खरंच हिंगसुद्धा नाही? आता तिला स्वतःलाच करून बघायचंय. आत्ताच सोयाबीन भिजत घालून आली.